चार खांब आणि वर पत्रा

एखाद्या कामात हात घालणे असं आपण सगळेच म्हणतो. आमचे शेजारी अंताभाऊ मात्र खरोखर हात घालायचे, आणि तोही खांद्यापर्यंत. शर्टाची उजवी बाही गुंडाळत गुंडाळत वर न्यायची, डोळे मिटायचे आणि हात समोरच्या वस्तूत घुसवायचा. ती वस्तू बहुतेक वेळा गवताची गंजी असायची, कारण अंताभाऊंचा धंदा गवताचा. पण मी त्यांना तांदळाच्या पोत्यात, नव्या गादीच्या उसवलेल्या शिवणीत आणि लेकीच्या साखरपुड्याला मुलाकडून आलेल्या लाडवांच्या टोपलीतसुद्धा तळापर्यंत हात घालताना पाहिलं आहे. व्याही समोर बसले होते. "वरचे लाडू सगळ्यांचेच चांगले आसतात," अंताभाऊ म्हणाले, "खालचे बघू." खालचेही चांगले निघाले आणि लग्न पार पडलं.

"हात घातल्याबिगर बोलायचं नाय" हा त्यांचा कायदा. कुणी म्हणालं की अमक्याचा मुलगा फार गुणी आहे, तर ते विचारायचे, "हात घातला व्हता का?" निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार असो, दवाखान्यात नवीन आलेला डॉक्टर असो, नाही तर माझ्या हातची अळूवडी असो, सगळ्यांना तोच प्रश्न. हा कायदा त्यांनी स्वतः एकदाच मोडला, आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे. पण आधी माणूस सांगितला पाहिजे.

आमचं गाव खालापूर तालुक्यातलं, कर्जतकडून खोपोलीकडे येताना आतल्या अंगाला वसलेलं. सासऱ्यांनी तिथे घेऊन ठेवलेल्या जागेवर आम्ही घर बांधलं. आम्ही दोघंही नवराबायको रसायनीच्या कारखान्यांत नोकरीला. मी प्रयोगशाळेत होते. पहाटे शिळफाट्यावरून कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी परत यायचं, त्यामुळे गाव मला पहिली काही वर्षं फक्त अंधारातच दिसलं. वास मात्र पहिल्याच दिवशी आला. आमच्या कुंपणाला लागून अंताभाऊंची वखार होती. वखार म्हणजे आमच्याकडे गवत साठवायची जागा. दसऱ्यानंतर माळावरचं गवत कापून तिथे यायचं, प्रेसमध्ये दाबून त्याचे गठ्ठे व्हायचे, आणि ट्रक भरभरून ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. बांधकाम म्हणावं असं तिथे काही नव्हतं. चारही बाजू उघड्या, वारा आरपार, खाली मातीची जमीन. "वखारीला काय लागतं? चार खांब आनि वर पत्रा," असं अंताभाऊ म्हणायचे. प्रत्यक्षात खांब बरेच होते, पण ते कधी मोजायच्या भानगडीत पडले नाहीत.

वासाची तक्रार करायला मी गेले तर त्यांनी माझाच वास घेतला. वखारीत येणाऱ्या प्रत्येकाचा ते घ्यायचे, कुणी विडी ओढून तर आलं नाही ना म्हणून. नाक वर करून दोनदा हुंगलं आणि दोन पावलं मागे सरले.

"वयनी, तुमच्या अंगाला कसला वास हाय?"

"फिनॉलचा असेल. प्रयोगशाळेतला."

"मंग लांबून बोला. माझ्या गवताला लागला तर म्हशी तोंड लावनार नाय." आणि वर म्हणाले, "तुमच्या नाकाचं कारखान्यानं लोनचं घातलंय. तुमाला गवताचा वास कळनार कसा?"

मी चांगलीच चिडले होते. पण वर्षभरात मला तो वास कळायला लागला. कार्तिकात गंज्या रचल्या जायच्या तेव्हा सगळ्या गल्लीत गोडसर, कोरडा, किंचित भाजल्यासारखा वास भरून राहायचा. दिवसभर रसायनांत घालवून घरी यायचं आणि फाटकाशी तो वास यायचा, त्याने बरं वाटायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गावभर करून टाकलं असतं.

माणूस तसा दिमाखाचा. उंच, सडसडीत, दिवसभर गवतात वावरूनही शर्ट पांढराशुभ्र. खिशात कंगवा, आणि इतरांच्या ओठांत विडी असते तिथे गवताची एक काडी. तीच काडी कधी कानाशी धरून मोडायचे. कडक आवाज आला की गवत वाळलं, असा निकाल. बोलायची आणि पुढं पुढं करायची हौस भारी. गावकीच्या बैठकीत विषय देवळाच्या रंगाचा असो की टँकरचा, अंताभाऊ दोन शब्द बोलल्याशिवाय बैठक उठायची नाही. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांना कुनी विचारलं तर जेवायचं सोडून सांगत बसतील, आनि नाय विचारलं तर जेवनारच नाय."

एका वर्षी दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि कापलेलं गवत भिजलं. ते वाळायच्या आत घाईने गंजी रचली गेली. रविवार होता, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. अंताभाऊ नेहमीसारखे फेरी मारत आले, बाही वर केली, गंजीत हात घातला आणि ओरडले. ओलं गवत आतल्या आत तापत जातं आणि बाहेरून काही दिसत नसताना एके दिवशी पेटतं, हे मी त्या दिवशी शिकले. रसायनशास्त्राची पदवी होती, मला ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते पुस्तकातलं होतं. सगळी आळी धावली. भिमी आणि तिची माणसं होती, आमचे हे होते, मीसुद्धा होते. गंजी उपसून गवत रस्त्यावर पसरलं. मधल्या भागातलं गवत तपकिरी झालं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. अंताभाऊंच्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत फोड आले. त्या हातावर पुन्हा केस उगवले नाहीत. तो गुळगुळीत हात ते लोकांना कौतुकाने दाखवायचे आणि सांगायचे, "वरून गार व्हती. हात घातला म्हनून कळलं."

भिमीचं नाव आलंच आहे तर तिच्याबद्दल सांगते. ती डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वाडीवरची. गवत कापणाऱ्या टोळीची ती मुकादम. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळे घेऊन तिची माणसं वखारीच्या दाराशी हजर व्हायची. अंताभाऊ विळ्यांना हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, आणि मग सगळे मिळून थोरल्या माळावर चढायचे. भिमी त्यांना शेठ म्हणायची आणि त्यांच्याशी भांडायचीही. पेंढी किती जाड बांधायची यावर त्या दोघांचं दरवर्षी वाजायचं.

थोरला माळ आमच्या गावाच्या वर होता. ना शेत ना जंगल. नांगर लागेल एवढी माती नाही, आणि झाडी म्हणावी अशीही नाही. मधे मधे एखादा ऐन, एखादं पळसाचं झाड, बाकी दूरवर नुसतं गवत. श्रावणात पोटरीपर्यंत, भाद्रपदात कमरेपर्यंत. गणपतीच्या दिवसांत त्यात सोनकी फुलायची आणि कड्याखालपर्यंत पिवळं दिसायचं. टिटव्या, चंडोल, ससे. गावातल्या गाई तिथेच चरायच्या. माळाच्या पोटातून ओहोळ निघायचा आणि खालच्या खाचरांना दिवाळीपर्यंत पुरायचा. ह्या सगळ्याला सरकारी भाषेत वरकस म्हणतात आणि बाहेरची माणसं पडीक म्हणतात. पडीक हा शब्द ऐकला की अंताभाऊ आपल्या वयाला न शोभेल असं बोलायचे.

एकदा मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातली मंडळी बस करून आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. माळ उघडाबोडका आहे, आपण तो हिरवा करू, असं त्यांच्यातल्या साहेबांनी भाषणात सांगितलं. तेव्हा ते स्वतः गुडघाभर हिरव्या गवतात उभे होते. अंताभाऊंनी त्यांना हार घातले, चहा पाजला, खड्डे दाखवले. मंडळींनी गुलमोहर लावले, फोटो काढले, आनंदात गेली. मी म्हटलं, "अंताभाऊ, तुम्ही चक्क झाडं लावू दिलीत?"

"पाहुने हायत वयनी. घरी आलेल्याला नाय कसं म्हनायचं?" आणि मग हळूच म्हणाले, "ह्यांना झाड तेवढं हिरवं दिसतं. गवत दिसत नाय बगा. देवानं डोळं दिलं ते वरच लावलं."

दसऱ्याला विळे माळावरून फिरले आणि गवताबरोबर गुलमोहरही पेंढ्यांत गेले. उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला की रोपं कशी आहेत. अंताभाऊ खेदाने म्हणाले, "काय सांगू साहेब, आमच्या गावच्या शेळ्यांना शिस्तच नाय." बाजूला भिमी बसली होती. गावात तेव्हा शेळी औषधाला नव्हती. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेवटी उठून बाहेर गेली.

पुढे धंदा बसत गेला. मुंबईचे तबेले लांब लांब गेले, बरेच बंद झाले. गावातली गुरंही कमी झाली. मुलं खोपोलीत, पनवेलला नोकऱ्यांना लागली, कुणी टेंपो घेतला, कुणी फार्महाउसवाल्यांच्या बागा सांभाळायला लागलं. वखारीत गंज्या अर्ध्याच राहिल्या. तरीही दसऱ्यानंतर भिमी यायची आणि अंताभाऊ नारळ फोडायचे. कापलेलं गवत आता आसपासच्या गोठ्यांना आणि एका गोशाळेला जायचं. वखार विचारत कुणी येत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. दाराशी खाट टाकून काडी चघळत बसायचे, रस्त्यावरून ट्रक गेला की मान वळवायचे.

अशात कंपनीचा माणूस आला.

थोरला माळ गावातल्या सगळ्या जुन्या घरांच्या नावावर सामायिक होता. त्यामुळे कुणा एकाला गाठून भागणार नव्हतं, गावकीची बैठक घ्यावी लागली. मारुतीच्या देवळात. आमचं घर जुन्यांत मोडत नाही, पण आमचे हे ऐकायला म्हणून गेले होते. माणूस तरुण, बोलायला गोड, म्हाताऱ्यांच्या पाया पडला. कंपनीला माळ भाडेपट्ट्याने हवा होता. कशासाठी? तर तो म्हणाला, वखारीसाठी. पूर्ण बैठकीत त्याने गोदाम म्हटलं नाही, वेअरहाउस म्हटलं नाही. वखारच म्हणाला. ते मुद्दाम होतं, की गावात जायचं तर शुद्ध मराठी बोलावं म्हणून त्याने तो शब्द कुठून शोधून आणला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. शब्दकोश उघडला तर तो चुकला नव्हता.

निम्मं गाव माळ द्यायला तसंही तयार होतं. अडून बसली होती ती काही म्हातारी माणसं आणि गाई राखणाऱ्या दोन-चार बायका. माळ गेला तर गुरं कुठे न्यायची, ओहोळाचं काय होणार, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, वखारीचं आपल्यात कुनाला कळतं? अंताभाऊंना इचारा ना. आणि सगळ्यांच्या माना अंताभाऊंकडे वळल्या.

किती वर्षांनी कुणीतरी त्यांना वखारीबद्दल विचारत होतं! आमचे हे सांगतात, अंताभाऊ उठले, शर्ट नीट केला, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला आणि मग बोलले.

"वखारीला काय लागतं? चार खांब आनि वर पत्रा. माल भिजू नये, बस. जमीन हाय तशी ऱ्हाते. वारा जातो, पानी जातं. बाजूचं गवत तुमचं तुमी चारा. मी आख्खा जलम वखारीत काडलाय, माझ्या वखारीनं कुनाचं काय वाकडं केलं?" मग कंपनीच्या माणसाकडे वळले. "बरोबर ना साहेब?"

"अगदी बरोबर, काका," तो म्हणाला.

देवळाच्या पायरीखाली भिमी बसली होती. माळावर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे तिच्या लोकांना हात वर करायचा प्रश्नच नव्हता. तिने खालूनच विचारलं, "शेठ, मंग पुढच्या दसऱ्याला आमी कापायला यायचं ना?"

"यायचं म्हंजे? माझ्याआधी तूच येशील गं."

मग वरच्यांनी हात वर केले. सह्या आणि अंगठे नंतर झाले. कागदांत काय लिहिलं होतं ते कागदांना ठाऊक. गावाने ऐकलं ते अंताभाऊंचं.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते छाती फुगवूनच. मी ऐकलं आणि म्हटलं, "अंताभाऊ, ते वखार म्हणतात ती तुमची वखार नव्हे. रस्त्याने पनवेलकडे जाताना मोठमोठी गोदामं दिसतात ना, तसलं काहीतरी असणार. नीट विचारा त्यांना."

"वयनी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी इतका थंड कधी ऐकला नव्हता, "वखार म्हंजे काय ते तुमी मला सांगनार?"

चहा न घेता गेले.

दिवाळी सरली आणि यंत्रं आली. आधी माळाचा वरचा खांदा कापला. तो मुरूम खाली लोटून उतार भरला, दाबला, पुन्हा भरला, असं करत करत माळ सपाट केला आणि पुरुषभर उंच उचलला. ओहोळ पायपात घातला. दिवसभर लाल धुरळा उडायचा, तो भातावर, ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. टिटव्या त्या मुरुमातच अंडी घालायला लागल्या आणि रोलरखाली गेल्या. मी कारखान्यावर पोट भरलेली बाई आहे, कारखान्यांबद्दल तोंड वर करून बोलायचा मला फारसा हक्क नाही, हे मला कळतं. पण कारखाना निदान धूर सोडतो, भोंगा वाजवतो, मी इथे आहे म्हणून सांगतो. हे जे उभं राहिलं त्याला खिडकी नाही, आवाज नाही. रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता राखाडी पत्रा. आत काय आहे ते गावात आजही कुणाला नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं फ्रिज, कुणी म्हणतं चपला.

पहिल्या पावसाळ्यात खालच्या खाचरांत मुरुमाचा गाळ उतरला. पूर्वी माळ पाणी पिऊन ठेवायचा आणि हळूहळू सोडायचा. आता पडलेलं पाणी सगळं एकदम पायपातून धो धो खाली यायचं आणि पाऊस थांबला की ओहोळ कोरडा. लावणी झालेली खाचरं आठ दिवसांत दोनदा बुडाली.

आणि दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिमी आणि तिची माणसं विळे घेऊन वखारीच्या दाराशी उभी राहिली. माळाचं काय झालंय ते वाडीवरून रोज दिसत होतं, तरीही आली. शेठ म्हणाले होते यायचं, म्हणून आली. मी कुंपणाशी होते. अंताभाऊ बाहेर आले, त्यांच्याकडे बघत राहिले. सुमनवहिनींनी सवयीने हळदकुंकवाचं ताट आणलं होतं, ते हातातच राहिलं.

"कापायचं कुटं, शेठ?" भिमीने विचारलं. भांडल्यासारखं नाही, खरोखर विचारलं.

अंताभाऊ तसेच पायांत चपला सरकवून कंपनीच्या गेटवर गेले. तो गोड बोलणारा माणूस भेटला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. अंताभाऊंनी गवताचं विचारलं, ओहोळाचं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, असं कसं? गावाला तर तुम्हीच समजावून सांगितलंत ना सगळं." अंताभाऊंनी हे मला परत आल्यावर सांगितलं. कुंपणाचा खांब धरून उभे होते. म्हणाले, "खोटं नाय बोलला तो. त्याच्याकडं चार खांब हायत, वर पत्रा बी हाय." मग म्हणाले, "गवतात हात घातला, गादीत घातला, लाडवांत घातला. ह्यात नाय घातला, वयनी. कुनी इचारलं म्हनून फुगलो."

त्यांचा तो गुळगुळीत हात खांबावर होता, त्याच्याकडे मी बघत राहिले.

गावाने त्यांना दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. गावाने थट्टा केली. 'चार खांब आणि वर पत्रा' हे गावाला बोलायला सापडलं. कुणी मोठं आश्वासन दिलं की लोक म्हणायचे, हां, चार खांब वर पत्रा! शिळफाट्यावर चहाच्या गाडीशी मी ते परक्या माणसाच्या तोंडूनही ऐकलं, त्याला ते कुठून आलं हे माहीतही नसावं. अंताभाऊ बैठकींना जायचे बंद झाले. कुणी काही विचारलं तर "मला काय ठावं" म्हणायचे. बाही वर करणं तर सुटलंच. एकदा सुमनवहिनींनी रेशनचा तांदूळ आणला, पोतं त्यांच्यासमोर उघडं ठेवलं, मुद्दाम ठेवलं. त्यांनी नुसतं वरून पाहिलं आणि म्हणाले, "बरा हाय."

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या दारावर पाटी होती, 'गवताची वखार', लांबून दिसेल अशा अक्षरांत. हायवेवरून आत वळलेले कंटेनरवाले वाटेत कुणालाही गोदाम विचारायचे, आणि माणसं सांगायची, वखार ना, पुढे पाटी आहे. मग ते धूड आमच्या अरुंद गल्लीत शिरायचं, अंताभाऊंच्या दाराशी येऊन अडकायचं. ड्रायव्हर खाली उतरून हिंदीत विचारायचा, वखार यही है क्या? अंताभाऊ खाटेवरून उठायचे. सुरुवातीला त्यांनी शिव्या घातल्या. नंतर ते काही न बोलता गाडीच्या पुढे चालत जायचे, मागे घ्यायला हात दाखवायचे आणि पार गेटपर्यंत पोचवून यायचे. भर उन्हात तो उंच माणूस पुढे आणि मागे सावकाश येणारा कंटेनर, असं मी कितीदा पाहिलं असेल.

एके दिवशी त्यांनी शिडी लावली आणि पाटीवरच्या 'वखार' ह्या शब्दावर काळा रंग फासला. उरलं नुसतं 'गवताची'. नंतर येणारा-जाणारा थांबून वाचायचा, गवताची काय? मीही एकदा गमतीने विचारलं. त्यांनी मान हलवली. "जे काय आसंल ते," म्हणाले. मला विचारल्याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. मी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघाले होते. सकाळची वेळ, पाऊस नुकताच उघडला होता. रिक्षाने खोपोलीला जाताना गोदामाच्या गेटपाशी कंटेनर वळत होता, म्हणून आमची रिक्षा थांबली. गेटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गजांचं कुंपण आहे आणि त्याच्या आत कंपनीने हिरवळ केली आहे. थोडी जागा हिरवी ठेवावी लागते म्हणे. ती हिरवळ गुंडाळ्यांमधून आली आणि सतरंजीसारखी अंथरली गेली. हिरवळीवर चालू नये, अशी पाटीही आहे. भिमीला तिथेच काम मिळालं होतं. काम काय, तर त्या हिरवळीतून जे रानगवत डोकं वर काढतं ते उपटून टाकायचं. बी कुठून येतं कोण जाणे, पण पाऊस पडला की माळाचं जुनं गवत त्यातून उगवतं. ती खुरपं घेऊन उकिडवी बसली होती, शेजारी उपटलेल्याचा ढीग.

आणि गजांच्या बाहेर, ओल्या मातीत पांढऱ्या पायजम्याचा विचार न करता, अंताभाऊ गुडघ्यांवर बसले होते. उजवी बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळलेली. ती बाही तशी पाहून मला इतका आनंद झाला की मी रिक्षातून हाकच मारणार होते. मग दिसलं, हात गजांमधून आत गेलेला होता, गाल लोखंडाला टेकलेला, डोळे मिटलेले. बोटांनी त्यांनी हिरवळीची कड उचलली होती आणि ते खाली चाचपत होते.

वॉचमन धावत आला. आसपासच्याच कुठल्या गावचा असावा. "बाबा, हात काडा. वर क्यामेरा हाय."

"थांब रं जरा," डोळे न उघडता अंताभाऊ म्हणाले. "तवा घालायचा ऱ्हायला."

भिमी हातातलं काम थांबवून बघत होती. तिने विचारलं, "काय हाय खाली, शेठ?"

"जाळी हाय. पलास्टिकची," ते म्हणाले. बोटं आणखी पुढे गेली. "आनि खाली खडी."

बाजूच्या ढिगातून भिमीने मूठभर गवत उचललं, मुळांची माती झटकली आणि त्यांच्या उघड्या पंजात ठेवलं. "घ्या. माळाचंच हाय." अंताभाऊंची बोटं मिटली. त्यांनी हात मागे ओढला, पण हात आला तो मनगटापर्यंतच. गवताने भरलेली मूठ गजांमधून बाहेर येईना. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा अडकला.

"मूठ सोडा बाबा," वॉचमन काकुळतीला येऊन म्हणाला, "सोडा म्हंजे निगंल."

कंटेनर आत गेला आणि आमची रिक्षा सुरू झाली. त्यांना मी त्यानंतर पाहिलं नाही. नागपूरला असतानाच ते गेल्याचा सुमनवहिनींचा फोन आला. त्या सकाळी मी रिक्षाच्या मागच्या पडद्याच्या फटीतून वळणापर्यंत बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. अंताभाऊ तसेच बसले होते, हात आत, मूठ मिटलेली. वॉचमन त्यांच्या खांद्याला धरून काहीतरी सांगत होता. ते ऐकत नव्हते. भिमी पुन्हा उकिडवी बसून गवत उपटायला लागली होती.